साभार: आंतरजाल

आंतरजाल नावाचा हा जो कोणी गृहस्थ आहे ना, त्याला एकदा भेटायचंय मला. महाराष्ट्रात याच्याइतके फोटो कोणी काढले नसतील. कासच्या पठारावरची फुलं त्याची, वारीतलं रिंगण त्याचं, दिवाळी अंकातल्या ललित लेखावरचा पाऊस त्याचा आणि मधुमेहावरच्या लेखातली जांभळंसुद्धा त्याचीच. कधी तो 'सौजन्य: गूगल' असं नाव लावतो, आणि पेपरात कामाला असला की 'संग्रहित छायाचित्र'. मानधन घेत नाही, तक्रार करत नाही, म्हणूनच सगळ्यांचा लाडका.

माझा त्याच्याशी संबंध आला एका एसटीमुळे. काही वर्षांपूर्वी जुलैत ताम्हिणीत गेलो होतो, धुकं असं की पुढचं वळण दिसेना, आणि त्या धुक्यातून एक लाल एसटी हेडलाईट लावून हळूच बाहेर आली. कॅमेरा हातात होता म्हणून फोटो मिळाला, नशीब बाकी काही नाही. फेसबुकवर टाकला, शे-दीडशे लाईक आले, विषय संपला. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी मावशीचा फोन, आवाज कापतोय, "अरे वरंध घाटात एसटीवर दरड पडलीये, आणि आमचा पोरगा पहाटेच महाडला निघालाय". तिने पाठवलेली लिंक उघडली तर कुठल्याशा न्यूज पोर्टलची बातमी, 'घाटात दरड, वाहतूक ठप्प', आणि खाली माझीच एसटी. बातमी नीट वाचली तर त्यात एसटीचा उल्लेखच नाही, रस्त्यावर माती आली होती आणि जेसीबी लावून ती काढायचं काम चालू होतं, बस एवढंच. पण बातमी कोण वाचतं, फोटो बघतात आणि फॉरवर्ड करतात. मावसभाऊ तेव्हा महाडला मिसळ खात होता, फोन सायलेंटवर.

पोर्टलला मेसेज टाकला तर दहा मिनिटात उत्तर आलं, अगदी नम्र. "सर गूगलवर होता म्हणून घेतला. तुमचं नाव टाकू का?"

आता हे बघा, नाव टाकलं असतं तर ताम्हिणीच्या फोटोला वरंध म्हणून खपवल्याचं पाप माझ्या नावावर जमा झालं असतं. म्हणजे फोटोचं क्रेडिट दिलं की सगळं धुऊन निघतं हा जो आपला समज आहे तो इथेच फसतो. नाव देणं वेगळं आणि विचारणं वेगळं. मी जोशीकाकांची गाडी न विचारता नेली आणि काचेवर 'साभार: जोशीकाका' लिहिलं तर जोशीकाका खूष होतील का?

तेव्हापासून ऑनलाईन कुठेही उचललेला फोटो दिसला की मी एकच गोष्ट बघतो. हा फोटो इथे त्याच्याबद्दल बोलायला आणलाय की रिकामी जागा भरायला? फोटोबद्दल बोलताय, त्यात दिसणाऱ्या गोष्टीवर वाद घालताय, त्याची चूक काढताय, त्याची खिल्ली उडवताय, तर माझ्या मते विचारायची गरज नाही, खुशाल घ्या, फोटोग्राफर रागावला तरी घ्या. पण मजकूर तुमचा तयार आहे, डिझाईन तयार आहे, फक्त वर एक छानसं चित्र हवंय म्हणून घेताय, तर मग तो माल आहे आणि मालाला मालक असतो. पैसे कमावताय की नाही, नाव दिलंय की नाही, वॉटरमार्क होता की नव्हता हे सगळं नंतरचं.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण यात फार चोप्यपस्ते ज्ञान फिरतं. आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा. त्यात फोटोला 'कलाकृती' म्हटलंय आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की कलागुण असोत वा नसोत. म्हणजे तुमचा तिरका, हललेला, अंगठा मध्ये आलेला फोटोसुद्धा कायद्याच्या नजरेत कलाकृतीच. बटण दाबलं की हक्क तयार, ज्याने फोटो काढला तो कायद्याच्या भाषेत 'लेखक', म्हणजे कर्ता. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, करायचं असेल तर एका कलाकृतीला ५०० रुपये फी आहे आणि पुढे भांडण झालं तर ते रजिस्ट्रेशन पुरावा म्हणून कामाला येतं, पण नाही केलं म्हणून हक्क जात नाही. ते गोलातलं सी काढलं नाही म्हणूनही जात नाही. पूर्वी फोटोचा कॉपीराईट प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं होता, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो बाकी कलाकृतींसारखाच झाला, म्हणजे फोटोग्राफर असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं. मी उद्या गेलो तर ती एसटी माझ्या नातवंडांच्या पन्नाशी-साठीपर्यंत आमच्या घरात राहणार.

आणि ज्याच्या नावाने सगळे शपथा घेतात तो 'फेअर यूज', म्हणजे न विचारता वापरायची सूट, आपल्याकडे नाहीच! तो अमेरिकेचा. तिथे चार कसोट्या आहेत, वापर कशासाठी केला, मूळ कलाकृती कुठल्या प्रकारची, किती भाग घेतला आणि मूळ मालाच्या बाजारावर काय परिणाम झाला, आणि यावर कोर्ट प्रत्येक वेळी नव्याने विचार करतं. आपल्याकडे आहे 'फेअर डीलिंग', कलम ५२. त्यात कारणंच मोजून दिलीयत. खासगी वापर आणि अभ्यास-संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. याखेरीज शिक्षणासाठी वगैरे वेगळी कलमं आहेत. यूट्यूबवर व्हिडिओखाली इंग्रजीत 'कॉपीराईट डिस्क्लेमर' म्हणून जो अमेरिकन कायद्याचा परिच्छेद चिकटवतात त्याचा इथल्या कोर्टात उपयोग गाडीला लिंबू-मिरची बांधण्याइतका.

पोर्टलवाला म्हणेल की आमचं तर वार्तांकनच होतं. पण घडामोड वरंधची आणि फोटो ताम्हिणीचा, वर्षभर जुना, म्हणजे तो वार्तांकनाचा भाग कसा होईल? ती भरलेली जागाच. उलट दुसऱ्या एखाद्याने त्या पोर्टलचा स्क्रीनशॉट, माझ्या फोटोसकट, टाकून 'बघा कसे खोटे फोटो लावतात' असं लिहिलं असतं तर तो वापर मी शंभर टक्के योग्य मानला असता. फोटो तोच, मालक तोच, परवानगी दोघांनीही घेतलेली नाही, तरी एक चोर आणि दुसरा नाही. केरळ हायकोर्टाने १९९६ साली याच अंगाचा एक निकाल दिलाय, एका गाजलेल्या नाटकातली पात्रं आणि संवाद घेऊन दुसऱ्याने त्याच्यावर टीका करणारं उत्तर-नाटक लिहिलं होतं, कोर्टाने बघितलं की किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ नाटकाशी स्पर्धा होते का, आणि टीका करणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. मीमचं काय असं लगेच कोणीतरी विचारेल. आपल्या कायद्यात विडंबनासाठी वेगळी सूट लिहिलेली नाही, त्यामुळे मीमवाले अधांतरीच आहेत, पण माझ्या हिशोबात मीम हे बोलणं आहे आणि ते टीकेच्या कलमात बसवून घ्यायला हवं.

ऑनलाईन टाकला म्हणजे सोडून दिला, या युक्तिवादाची परीक्षा एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालीये. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनिएल मोरेल हा तिथलाच फोटोग्राफर राजधानीत होता. त्याने ढिगाऱ्यांचे, माणसांचे फोटो काढले आणि ट्विटपिकवर, म्हणजे ट्विटरवर फोटो दाखवायच्या साईटवर, टाकले. शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कोणीतरी ते स्वतःचे म्हणून टाकले, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने तिथून उचलले आणि फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसकडून ते जगभर गेले, सुरुवातीला तर नावही त्या दुसऱ्याचंच. एएफपीचा कोर्टातला बचाव काय, तर ट्विटरवर टाकलं म्हणजे ट्विटरच्या अटींप्रमाणे सगळ्यांना वापरायची मुभा. कोर्टाने तो फेटाळला, कारण तुम्ही अट मान्य करता तेव्हा प्लॅटफॉर्मला परवानगी देता, अख्ख्या गावाला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने मोरेलला १२ लाख डॉलर मंजूर केले. इन्स्टा-फेसबुकच्या अटी वाचल्यात तरी गोष्ट तीच आहे. शेअरचं बटण दाबलंत तर ठीक, माझं नाव-गाव फोटोबरोबर जातं आणि मी मूळ पोस्ट उडवली की तुमच्याकडूनही उडते. स्क्रीनशॉट काढून, कडा कापून आपल्या पेजवर चढवलात की ती नवी प्रत झाली.

आपल्याकडे ही नवी प्रत काढायचा धंदा सगळ्यात जोरात चालतो तो सह्याद्रीच्या नावावर. 'आम्हाला टॅग करा आणि फीचर व्हा' वाली पेजेस, फॉलोअर लाखात, स्वतः काढलेला फोटो एक नाही. आधी लोकांचे फोटो लावून गर्दी जमवायची, मग त्याच गर्दीला कॅम्पिंगचे तंबू आणि ट्रेकचं पॅकेज विकायचं. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, "किल्ला महाराजांचा आहे, तुझ्या मालकीचा आहे का?" नाही हो, किल्ला सगळ्यांचाच. सार्वजनिक जागेतल्या इमारतीचा, पुतळ्याचा फोटो काढायला आपल्या कायद्यात उघड मुभा आहे आणि ती असलीच पाहिजे. तुम्हीही काढा की. पहाटे तीनला उठा, टॉर्च लावून चढा, वर ढग आले तर दोन तास कुडकुडत बसा आणि ढग हललेच नाहीत तर तसेच खाली या, पुढच्या रविवारी परत जा. किल्ला फुकट आहे, ते सगळं फुकट नाही.

आणि ज्यांना खरंच विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स आहेच. लाखो फोटो, मोफत, धंद्यासाठीसुद्धा चालतात, बहुतेकांवर अट इतकीच की नाव लिहा आणि लायसन्स कुठलं ते लिहा. मीसुद्धा तिथे काही फोटो टाकलेत, मराठी विकिपीडियावर किल्ल्यांच्या लेखात चित्रं नव्हती म्हणून. गंमत म्हणजे तिथून उचलणाऱ्यांनाही नाव टाकवत नाही. पैसे मागितले तर लोभी म्हणता ते समजू शकतो, पण फुकट देऊन फक्त नाव मागितलं तरी 'आंतरजाल'?

आता दुसरी बाजू, कारण मी फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपात बसतो आणि तिथलं बोलणंही मला नेहमी पटतं असं नाही. जर्मनीतल्या वाल्ट्रोप गावच्या शाळेत एका पोराने स्पॅनिशच्या प्रोजेक्टसाठी कोर्दोबा शहराचा फोटो एका ट्रॅव्हल साईटवरून घेतला, खाली साईटचं नावही लिहिलं, शाळेने ते प्रोजेक्ट आपल्या वेबसाईटवर ठेवलं, आणि फोटोग्राफरने दावा लावला. प्रकरण थेट युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं आणि ७ ऑगस्ट २०१८ ला निकाल फोटोग्राफरच्या बाजूने लागला, की लिंक दिली असती तर वेगळं, पण फोटो उतरवून परत चढवला तर नव्याने परवानगी हवी. कायद्याच्या अक्षराला धरून बरोबर असेल, माझ्या जागा-भरण्याच्या कसोटीवरही पोरगं नापासच होतं, तरी मला हे पटत नाही. शाळेचं पोर शिकतंय, त्याच्या वहीतलं चित्र आणि रिसॉर्टच्या जाहिरातीतलं चित्र यात फरक करता यायला हवा. मी असतो तर शाळेला पत्र लिहून नाव टाकायला लावलं असतं, किंवा तेही नसतं.

हक्काची नुसती वसुली सुरू झाली की काय होतं तेही बघा. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन बाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला जनतेसाठी देऊन टाकले. त्यांनी स्वतःचाच एक फोटो स्वतःच्या संस्थेच्या साईटवर लावला तर एका वसुली कंपनीचं १२० डॉलरचं पत्र आलं, कारण तो फोटो मधल्यामध्ये तयार फोटो विकणाऱ्या एका स्टॉक एजन्सीच्या दुकानात जाऊन बसला होता. बाई २०१६ मध्ये कोर्टात गेल्या, पण फोटो जनतेला दिल्यामुळे त्यांचा मुख्य दावाच टिकला नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगलने एएनआय या वृत्तसंस्थेवर आरोप केला की काही सेकंदांच्या क्लिपवरून स्ट्राईक, म्हणजे यूट्यूबकडे कॉपीराईटची तक्रार, टाकून लाखो रुपयांचं लायसन्स घ्यायला भाग पाडतात, एएनआयचं म्हणणं की आम्ही आमचे हक्क राखतोय, आणि मामला बदनामीच्या दाव्यापर्यंत गेला. कोण बरोबर ते कोर्ट बघेल. पण तीन स्ट्राईक म्हणजे चॅनल बंद ही तलवार डोक्यावर असली की 'हे फेअर डीलिंग आहे' असं म्हणायची हिंमत कोणाची होणार? हक्काच्या नावाने टीका बंद पाडता येत असेल तर ते मला फोटोचोरीइतकंच वाईट वाटतं, जरा जास्तच.

पण आपल्या रोजच्या आयुष्यात अडचण ही नाहीच. कायद्यात शिक्षा कडक लिहिलीये, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड, धंद्याचा फायदा नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. आपण राहतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा लावायचीही सोय आहे. प्लॅटफॉर्मला रीतसर तक्रार दिली तर नियमाप्रमाणे ३६ तासात मजकूर रोखायचा आणि २१ दिवसात कोर्टाचा आदेश नाही आणला तर परत सुरू. वाचायला झकास. पण पाचशे-हजार रुपयांच्या फोटोसाठी वकील कोण करणार आणि २१ दिवसात आदेश कुठून आणणार? त्यामुळे होतं काय की कायदा मोठ्यांच्या हातात शस्त्र आणि आपल्या हातात फक्त फेसबुकवर चिडकी पोस्ट. अमेरिकेत जून २०२२ पासून कॉपीराईट क्लेम्स बोर्ड चालू झालंय, ३० हजार डॉलरपर्यंतचे छोटे दावे, ऑनलाईन, वकील नसला तरी चालतं. समोरच्याने नकार दिला तर प्रकरण तिथे चालत नाही ही त्यातली मेख आहे. तरी असलं काहीतरी आपल्याकडे हवं, ग्राहक मंचासारखं, साधा फॉर्म, छोटी फी, आणि जागा भरायला फोटो वापरला असेल तर बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट भरपाई, तुरुंग-बिरुंग नको. बातमीसोबत चुकीच्या घटनेचा फोटो असेल तर दुरुस्तीही त्याच जागी, त्याच आकारात.

एक गोष्ट फोटोग्राफर मित्रांना झोंबेल, ती म्हणजे लग्नं. पैसे घेऊन, सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे नवरीचे फोटो तिला न विचारता आपल्या इन्स्टावर 'कँडिड' म्हणून लावणारे आपले स्टुडिओवाले उलट्या बाजूने तेच करतायत जे पोर्टलने माझ्याशी केलं. बिलाच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ छापून घ्या की बाबांनो, आणि ती आधी दाखवा.

आणि माझंही सांगून टाकतो. वारीत दिवेघाटात काढलेला एका आजींचा फोटो माझ्याकडे आहे, डोक्यावर तुळस, पायात चप्पल नाही, हसतायत. कॉपीराईट माझा. आजींचा काहीच नाही, कॉपीराईटच्या कायद्यात तरी. त्यांना विचारलं होतं का? मान हलवून विचारल्यासारखं केलं होतं, पण 'तुमचा फोटो हजारो लोक बघतील' असं काही सांगितलं नव्हतं. तो फोटो कोणा पुढाऱ्याच्या आषाढी शुभेच्छांच्या फ्लेक्सवर गेला तेव्हा मी माझ्या हक्कासाठी भांडलो, फ्लेक्स उतरवायला लावला, मित्रांनी पाठ थोपटली. आजींना त्यातलं काही कळलंही नसेल. त्यांच्या डोक्यावर त्या पुढाऱ्याचा पक्ष चिकटवला होता आणि मी भांडत होतो ते माझ्या पिक्सेलसाठी. याचं उत्तर कॉपीराईटच्या कायद्यात नाही, आणि माझ्याकडेही अजून नाही. आता वारीत कॅमेरा थोडा उशिरा वर जातो, दोन शब्द बोलून मग, आणि मधल्या वेळात चांगले फोटो हुकतात ते हुकतातच.

एसटीवाला फोटो मात्र पोर्टलने तेव्हा काढून टाकला, सॉरीही म्हणाले, मीही सोडून दिलं. यंदाच्या पावसात आंबोलीत झाड पडल्याची त्यांचीच बातमी आली, वर धुक्यातून येणारी तीच एसटी. यावेळी उजव्या कोपऱ्यात वॉटरमार्क होता, त्यांच्या पोर्टलचा.